एक वजनदार गृहस्थ

परमुलखात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाच्या घराला अद्याप पडदे लागलेले नसताना, गॅसची नळी जोडली गेलेली नसताना आणि बॅगा दिवाणखान्याच्या मध्यभागी तशाच उभ्या असताना जो गृहस्थ दारात हजर होतो, ज्याला आपण बोलावलेले नसते आणि ज्याच्यावाचून पुढे आपले पान हलत नाही, त्याचा परिचय वाचकांना नव्याने करून देण्याचे प्रयोजन नाही. तो लंडनात असतो, सिंगापुरात असतो, मस्कतातही असतो. आमच्या दुबईच्या वाट्याला आलेल्या आवृत्तीचे नाव सुर्वेकाका. मूळ मुक्काम तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी. दुबईतला मुक्काम करामा. हुद्दा एका बांधकाम कंपनीतील स्टोअरकीपर. आणि पाटलोणीच्या उजव्या खिशात, निजतानाचा अवधी सोडला तर अष्टौप्रहर, आकडा लावलेला एक जुना स्प्रिंगकाटा.

या काट्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण काकांविषयी लिहिणे म्हणजे बव्हंशी त्याच्याविषयीच लिहिणे होय. त्याच्या तबकडीवरचे आकडे बोटांनी पुसट झालेले आहेत, आकडा वाकून पुन्हा सरळ केलेला आहे, आणि रिकामा असतानाही त्याचा दर्शक शून्यावर न थांबता दोनशे ग्रॅमवर विसावतो. दुसऱ्या कुणी नवा काटा घेतला असता. काका प्रत्येक वेळी मनातल्या मनात दोनशे वजा करतात, आणि ही वजाबाकी आपल्याखेरीज कुणाला जमत नाही याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसते.

सामान्य मनुष्य नवागताला प्रवास कसा झाला म्हणून विचारील. काका थेट बॅगांकडे वळतात. एक बॅग आकड्याला लटकवून, डोळे किलकिले करून, तबकडीशी काही क्षण मसलत करतात आणि विचारतात, "तीस किलो मिळालं होतं ना? भरलंत कशाने?" नाशिकहून आलेल्या एका नवपरिणीत जोडप्याच्या बॅगेतून तूरडाळीची पिशवी निघाली, तो प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. काकांनी ती आकड्याला लावली, दोनशे वजा केले, आणि घरात काही अशुभ घडले असावे अशा स्वरात म्हणाले, "सात किलो डाळ! अहो, ब्रह्मदेशातली, आफ्रिकेतली, तुमच्या लातुरातली, सगळी डाळ खाली कोपऱ्यावर मिळते. तिला कशाला विमानात बसवलीत?" ती बिचारी मुलगी डाळीच्या वतीने ओशाळून उभी राहिली.

काकांचा कायदा एका कलमाचा आहे. जे येथे मिळते ते तिकडून आणणे हा अपराध होय; जे येथे मिळतच नाही तेवढ्यालाच विमानात बसण्याचा अधिकार. वरवर पाहता हा कायदा साधा वाटतो, परंतु त्याची अंमलबजावणी करणाऱ्याला काय मिळते आणि काय मिळत नाही याचा संपूर्ण दफ्तरी तपशील मुखोद्गत असावा लागतो, आणि काकांचे सारे आयुष्य हा तपशील अद्ययावत ठेवण्यात गेले आहे. ते या शहरात आले तेव्हा, 1984 साली बर दुबईत निघालेले दातारांचे दुकान अजून लहानसेच होते, आणि मराठी चवीचे काही हवे असेल तर तेथे चौकशी करून, नसेल तर गावाला पत्र टाकून कुणी येणाऱ्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, कोकम, ज्वारीचे पीठ हे सर्व जिन्नस मीना बाजारापासून करामापर्यंत मांडून ठेवलेले असतात. यादीतला एकेक पदार्थ दुबईत रुजू झाला की काका तो विमानातून कायमचा उतरवतात. उकडीच्या मोदकांचे पीठ दुकानात प्रथम दिसले त्या दिवशी त्यांनी सुमारे वीस घरांना फोन करून हे फर्मान कळवले होते.

नवागताला बाजार दाखवण्याचा काकांचा दिवस शुक्रवार. 1 जानेवारी 2022 पासून सरकारने साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारवर नेली, परंतु तो बदल काकांनी मान्य केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. देवळाच्या गल्लीत दूर्वा आणि झेंडू. तेथून खाडीकाठी येऊन एका दिरहमात अब्रा नावाच्या होडीने पलीकडे देरा. तेथे मसाल्यांच्या बाजारात वास घेऊन आणि काहीही न घेता पुढे. परत करामात आल्यावर फिलिपिनो लोकांच्या दुकानात शेवग्याचा पाला, जो तेथे मलुंगाय या नावाने विकला जातो आणि आपल्या दुकानांपेक्षा ताजा असतो. हे सर्व दाखवीत असताना काका कोणत्याही दुकानदाराशी भावाविषयी हुज्जत घालीत नाहीत. भाव हा परमेश्वराधीन आहे. वजनावर मात्र त्यांचा विश्वास नाही. देऱ्याचा जुना मासळीबाजार 2017 साली वॉटरफ्रंट मार्केटच्या प्रशस्त, वातानुकूलित इमारतीत गेला, तेथील इलेक्ट्रॉनिक काट्यावर विक्रेत्याने ठेवलेली सुरमई काकांनी शांतपणे उचलली, कल्ल्यातून आकडा घातला, आणि ओलांडून जाणाऱ्या गर्दीच्या मधोमध ती डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. विक्रेता कासरगोडचा होता. तो प्रथम हसला, मग गंभीर झाला, आणि शेवटी स्वतःच्याच काट्याकडे संशयाने पाहू लागला. वस्तुतः दोन्ही वजने जुळली होती. काका म्हणाले, "जुळलं. पण बघायला नको?"

मेट्रोविषयी मात्र त्यांना नितांत आदर. 9 सप्टेंबर 2009 रोजी ती सुरू झाली तेव्हापासून ते तिचे गुणगान करीत आले आहेत, कारण गाडीत एक मोठी आणि एक लहान बॅग नेण्याची मुभा आहे आणि कोणी ती तोलून पाहत नाही. "नग मोजतात, वजन मोजत नाहीत," ते म्हणतात, "राज्य असावं तर असं."

काकांचे ऐकले नाही तर काय होते, याचे उदाहरण म्हणून ते एका पुणेकर तरुणाची कथा सांगतात. त्या तरुणाने कोकमासाठी काकांना विचारण्याऐवजी समोरच्या मल्याळी दुकानातून आमसुलासारखे दिसणारे काळे काहीतरी आणले आणि चार मित्रांना सोलकढीचे आमंत्रण दिले. ती कुडमपुळी होती. केरळात ती धुरावर वाळवून माशाच्या कालवणात घालतात, आणि तेथे ती अप्रतिमच लागते. नारळाच्या दुधात पडल्यावर तिने जी सोलकढी सिद्ध केली तिला, प्यायलेल्यांच्या साक्षीनुसार, जळक्या सरपणाचा वास होता. मित्र पुणेकरच असल्यामुळे त्यांनी ती संपवली आणि नंतर वर्षभर त्याविषयी बोलत राहिले.

दिवाळीच्या सुमारास काकांचे स्वरूप निव्वळ जकातदाराचे होते. खसखस या देशात निषिद्ध आहे. मादक द्रव्यांच्या कायद्याखाली ती येते, आणि अज्ञान ही सबब चालत नाही. या बाबतीत काका विनोद करीत नाहीत व दुसऱ्याला करू देत नाहीत. कुणाच्या घरून फराळ निघणार असे कळले, की ते थेट त्या गावी फोन लावतात. साताऱ्याच्या एका आजींशी त्यांची झालेली शिष्टाई मी ऐकली आहे. "आजी, अनारसे पाठवा, पण बोडके पाठवा." पलीकडून बराच वेळ काही बोलणे झाले. खसखशीवाचून अनारसा थापायचा कशावर, आणि असला अनारसा पाठवून चार लोकांत माझी शोभा काय राहील, असा त्याचा आशय असावा. काकांनी तिळांवर तडजोड केली. "आणि आजी," ते शेवटी म्हणाले, "डबा पत्र्याचा नको. साडेतीनशे ग्रॅम नुसता डबाच जातो."

डब्याचे वजन, बॅगेचे वजन, बरणीचे वजन, हे काकांचे खरे वैरी. दुकानदार जसा रिकाम्या भांड्याचा धडा करून मग तूप तोलतो, तसा विमान कंपन्यांनीही रिकाम्या बॅगेचा धडा करून मगच तीस किलो मोजावे, ही त्यांची जुनी मागणी असून ती त्यांनी विमानतळावर प्रत्येक वेळी तोंडी सादर केलेली आहे.

या सगळ्याच्या जोडीला एक खतावणी आहे. लाल कापडाची, गावाहून आणवलेली. आपण सुट्टीवर निघालो की काकांचा फोन येतो, "किती शिल्लक राहतंय?" शिल्लक म्हणजे वजन. जूनपासून ऑगस्टपर्यंत तिकिटांचे दर आकाशाला भिडलेले असताना ज्यांना जाणे परवडत नाही त्यांची औषधे, खजूर, मुलांच्या कपड्यांची गाठोडी काका जाणाऱ्यांच्या बॅगांत वाटून देतात. ज्याने दुसऱ्याचे नेले त्याच्या खात्यावर तितके किलो जमा. ज्याचे नेले त्याच्या नावे. कित्येक वर्षांच्या या व्यवहारात माझ्या नावे सव्वापाच किलो निघत होते, आणि लग्नात, बारशात, गणपतीच्या आरतीत काका मला कोपऱ्यात घेऊन त्याची आठवण देत. हा मनुष्य मला असह्य वाटे, हे येथे नमूद करून ठेवतो. ज्याच्या डोक्यात माणसांची नोंद ग्रॅमांनी होते, त्याच्याशी दुसरे काय बोलणार?

सुमारे 2016 साली मंडणगडकडचा एक सुतार, काकांच्या ओळखीचा, वय तिशीचे, येथे झोपेत वारला. ज्या कंपनीत तो होता तिने जबाबदारी कागदावर स्वीकारली आणि पैशाचे पुढच्या महिन्यावर ढकलले. गावात आई. काकांनी रजा टाकली. पोलिसांचा ना-हरकत दाखला, मृत्यूचा दाखला, आपल्या वाणिज्य वकिलातीत पारपत्र रद्द करणे, निवासाचा परवाना रद्द करणे, मुहैसना येथे शवलेपन. कोणती खिडकी किती वाजता उघडते, कोणत्या कागदाच्या किती प्रती लागतात आणि अरबी तर्जुमा कोणत्या टायपिंग सेंटरात उभ्या उभ्या होतो, हे सर्व त्यांना कोकमाच्या दुकानाइतकेच ठाऊक होते. मी गाडी चालवायला म्हणून बरोबर होतो. अखेरीस आम्ही विमानाच्या मालविभागात पोचलो, आणि तेथे पेटी काट्यावर चढवण्यात आली, कारण त्या काळी शवाचे भाडेही किलोवर आकारीत.

मला वाटले होते की काका येथे तरी गप्प राहतील. ते गप्प राहिले नाहीत. कारकुनाने आकडा लिहून घेतला तसे ते पुढे झाले आणि म्हणाले, "पेटीचा धडा करा." कारकुनाला उमगेना. तेव्हा काकांनी आपल्या मोडक्या हिंदीत, आवाज चढवून, मागच्या रांगेतील सर्वांना ऐकू जाईल असे समजावले, की लाकूड वेगळे तोला, माणूस वेगळा तोला, आणि माणसाचे तेवढे पैसे घ्या. लाकडाचे आम्ही देणार नाही, लाकूड आमचे नव्हे. कारकून चांगला मनुष्य होता. त्याने नियम दाखवला. काकांनी नियम वाचला, परत केला, आणि पुन्हा तेच म्हणाले. हा वाद बराच वेळ चालला आणि काका त्यात हरले.

त्या रात्री खतावणी उघडली गेली. ज्यांच्या नावे किलो निघत होते त्या प्रत्येकाला काकांनी पानाच्या क्रमाने फोन केला आणि किलोमागे ठरावीक दिरहम लावून येणे वसूल केले. कोणाला विनंती नाही, वर्गणी हा शब्द नाही, "तुमच्याकडे पावणेचार निघतात, सकाळी आणून द्या." ज्यांच्या नावे काहीच निघत नव्हते त्यांना आपल्याला फोन आला नाही याचे वाईट वाटले. माझे सव्वापाच किलो मी रात्रीच पोचते केले. काकांनी नोट मोजली, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि पुढचा फोन लावला.

2019 च्या आरंभी आपल्याकडील विमान कंपनीने शव तोलून भाडे घेण्याची पद्धत बंद करून मोठ्यांसाठी 1500 दिरहम असा सरसकट दर लावला. बातमी वाचून मी काकांना फोन केला. "उशीर केला," ते म्हणाले, आणि लगेच विचारले, की मार्चात जाणार ऐकतो, किती शिल्लक राहतंय?

आता काका खेडला असतात. येथे नोकरी संपली की परवाना संपतो. चाळीस वर्षे राहिलेल्यालाही सामान आवरावे लागते, आणि त्यांनी ते आवरले. तीस किलोच्या तिकिटावर बॅग एकोणतीस किलो आठशे भरली, दोनशे काट्याचे म्हणून सोडलेले. खतावणी येथल्या एका तरुण इंजिनियरकडे सोपवली गेली असून तो ती संगणकावर उतरवतो आहे, ज्याविषयी काकांचे मत चांगले नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. मी सुट्टीवर येतो आहे हे त्यांना अर्थातच ठाऊक होते. रेनबो दुधाचे डबे हवेत, म्हणाले, सहा. येथला चहा कडक होत नाही. मी त्यांचाच कायदा त्यांना ऐकवला. "काका, खेडला दूध मिळत नाही का? म्हशी आहेत ना तिकडे?"

"आहेत."

"मग?"

"मग काय? म्हशी आहेत." थोडे थांबून ते व्यवहारावर आले. सहा डबे, अमुक इतके किलो, तुमच्या खात्यावर जमा धरायला त्या पोराला सांगतो. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पत्र्याचं धरू नका हं. धडा करा. दुधाचं तेवढं लिहा."