शुक्रवारचे भाषण

कचेरीत कोणाची बढती, बदली, घरचे बारसे, गृहप्रवेश, कन्येचा बारावीचा निकाल अथवा सेवानिवृत्ती यांपैकी काहीही उद्भवले की चहापानापूर्वी ‘भाऊसाहेब, दोन शब्द’ असा आग्रह होतो, आणि तो होईपर्यंत मी, जणू या गोष्टीची मला सुतराम कल्पना नाही अशा मुद्रेने, खिडकीबाहेर पाहत उभा असतो. त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात आदल्या रात्री सुवाच्य अक्षरांत उतरवलेले साडेतीन पानांचे भाषण असते. हे गुपित माझ्या पत्नीवाचून कोणालाही ठाऊक नाही, अशी 31 मे 2019 च्या सायंकाळपर्यंत माझी समजूत होती.

भिवंडीस मी 2008 साली बदलून आलो. त्यापूर्वीच्या दोन कचेऱ्यांत माझ्या वक्तृत्वाची कदर झाली नाही, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही, कारण तो दोष त्या कचेऱ्यांचा होता: एका ठिकाणी माझ्या तिसऱ्या परिच्छेदाला समोसे वाटण्यास प्रारंभ होई, आणि दुसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी मला लेखी भाषण आवक-जावक बारनिशीत नोंदवून वाचण्याऐवजी थेट दप्तरी दाखल करण्याची सूचना केली होती. भिवंडीत मात्र पहिल्याच निरोप समारंभात सारी मंडळी माझ्या मुखाकडे एकटक पाहत राहिली, कोणी जांभई दिली नाही, कोणी मध्येच उठले नाही, आणि मी उजवा हात खाली आणून थांबताच टाळ्यांचा असा गजर झाला की मी रात्री पत्नीस म्हणालो, ‘गुणग्राहकता म्हणजे काय ती या गावात आहे.’ ती म्हणाली, ‘गावात माग आहेत.’ तिच्या या उत्तराचा अर्थ लागण्यास मला अकरा वर्षे लागली.

आमची कचेरी भाड्याच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे आणि तळमजल्यावर यंत्रमाग आहेत. भिवंडीकरास याहून अधिक सांगण्याची गरज नाही; इतरांनी एवढे लक्षात घ्यावे की साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाचा त्या टोकास आपटतो, असे चोवीस माग आमच्या पायांखाली दोन पाळ्यांत चालतात, आणि त्यामुळे मेजावर ठेवलेल्या चहात एकामागून एक बारीक वर्तुळे उमटत राहतात, ती प्याला रिकामा होईपर्यंत थांबत नाहीत. सुताचे तंतू जिन्याने वर येतात. मार्चअखेरीच्या नस्त्यांवर त्यांचा हलका शुभ्र थर असतो, आणि वाढदिवसाच्या केकवर तो क्रीमशी असा एकरूप होतो की प्रथमच आलेल्या उमेदवारास तो केकचाच भाग वाटून त्याची तो स्तुतीही करतो. आम्ही परस्परांशी बोलतो ते ओरडून, आणि घरी गेल्यावरही ओरडूनच, ज्यामुळे आमच्यातील निम्म्या जणांविषयी शेजारपाजारी गैरसमज आहेत.

आता निवृत्तीकडे वळण्यापूर्वी मला 1 जूनविषयी थोडे बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या सतरा जणांच्या कचेरीत सात जणांचा जन्म 1 जूनचा. हा ग्रहांचा योग नसून मुख्याध्यापकांचा आहे. शाळा जूनमध्ये उघडे. आजोबा नातवाचे बोट धरून दारात उभे राहत. गुरुजी मुलास उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाची पाळी धरण्यास फर्मावीत, आणि पाळी हाती लागली की सहा वर्षे पुरी झाली असे समजून दाखलखारिज रजिस्टरात 1 जून आणि बेताचे एखादे वर्ष लिहून मोकळे होत. आईबापांनी दिला तो देह. जन्म दिला तो गुरुजींनी. पुढे त्या एका फराट्यावर नोकरी लागे, बढत्या मिळत, विम्याचे हप्ते ठरत, क्वचित कुंडलीही मांडली जाई, आणि तीवरून मंगळ आहे की नाही यावर दोन घराणी भांडत. शिवाय ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा तो आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त व्हावयाचा, असा सरकारी नियम असल्यामुळे दरसाल 31 मे रोजी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांतून शाल आणि श्रीफळ यांचा जो खप होतो, त्याचे श्रेय कोणी त्या खडूने माखलेल्या बोटांना देत नाही. आमच्या सात जणांसाठी एकच केक येई. त्यावर सात नावे मावत नसल्याने केकवाल्या पोराने एकदा विचारले, ‘संस्थेचा वर्धापनदिन आहे का?’ आणि खजिनदाराने वाद नको म्हणून हो म्हटले.

मी या जूनकरांपैकी नाही, याचा मला अभिमान होता. माझा जन्म 9 नोव्हेंबर 1968 चा, प्रसूतिगृहातला, पहाटे 4 वाजून 17 मिनिटांचा, सप्रमाण. परंतु अस्सल वाढदिवसाची एक अडचण असते: तो एकट्याचा पडतो, आणि एकट्यासाठी वर्गणी जमत नाही. दर 9 नोव्हेंबरला मी स्वतःच पावशेर पेढे आणून मेजाच्या कडेवर ठेवीत असे, आणि ‘हे कशाचे?’ असे कोणी विचारीपर्यंत त्यांच्याकडे पाहत नसे. एका वर्षी ते चार दिवस तसेच राहिले आणि सूत बसून कापसाच्या बोंडांसारखे दिसू लागले. अखेर मामांनी येऊन मला पेढा भरवला. मला वाटले, त्यांनी खोक्यावरची तारीख वाचली असावी.

मामा म्हणजे आमचे शिपाई. वाड्याकडचे, साठीकडे झुकलेले, अबोल. त्यांच्याविषयी माझे मत चांगले नव्हते, कारण घंटी वाजवली तरी ते येत नसत. वर मान करून त्यांच्याकडे पाहिले, की तत्क्षणी हजर. घंटीला मात्र दाद नाही. याला मी मग्रुरी समजत असे, आणि एकदा तर ‘कारणे दाखवा’ अशा मथळ्याचा मसुदा करून साहेबांपुढे ठेवला होता. साहेबांनी त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला. ती चर्चा मी कधीच केली नाही.

ते 31 मे 2019 रोजी निवृत्त होणार होते. जन्मतारीख अर्थात 1 जून, 1959 ची. चतुर्थ श्रेणीला साठ वर्षे. भाषणासाठी काही तपशील हवा म्हणून आदल्या दिवशी मी त्यांचे सेवापुस्तक मागवले. अकरा वर्षे ज्या माणसाच्या हातून पाणी प्यालो त्याच्याविषयी मला जे ठाऊक होते ते अर्ध्या पानावरही भरेना, ही गोष्ट तेव्हा मला खुपली नाही. मी ती साडेतीन पानांच्या ठरीव मजकुराने भरून काढली. सेवापुस्तकात ‘शरीरावरील ओळखीची खूण’ या रकान्यात ‘डाव्या भुवईवर व्रण’ असे लिहिले होते. मी दाराकडे पाहिले. मामा उभे होते, आणि त्यांच्या डाव्या भुवईवर व्रण होता.

माझ्या भाषणाचे दोन आधारस्तंभ आहेत. पहिला म्हणजे सत्कारमूर्ती ‘या कचेरीचा दीपस्तंभ’ असल्याचे विधान, आणि दुसरा म्हणजे माझी स्वतःची एक आठवण, कारण कोणाचाही गौरव स्वतःच्या आठवणीवाचून कोरडा वाटतो असे माझे प्रामाणिक मत आहे. 1991 साली नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात, नदीला पूर आला असता मी निवडणुकीच्या याद्यांचे दप्तर डोक्यावर घेऊन पलीकडे गेलो, ती ही आठवण. सत्कारमूर्तीशी तिचा संबंध ‘अशीच कर्तव्यनिष्ठा आपल्या...’ या शब्दांनी जोडला की झाले.

एरवीचे समारंभ आमच्या शिरस्त्याप्रमाणे बुधवारी होत. निवृत्तीची तारीख मात्र सरकारच्या हाती, आणि यापूर्वी ती शुक्रवारी आली तेव्हा नेमका मी रजेवर होतो. 31 मे 2019 हा शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीचे माग बंद असतात.

मी नेहमीच्या पट्टीत ‘मित्रहो!’ अशी गर्जना केली आणि स्वतःच दचकलो. तो आवाज भिंतीवर आपटून परत माझ्याकडे आला. चहा स्थिर होता. खालून कोणी बादली सरकवल्याचा आवाज आला तोही स्वच्छ ऐकू आला. समोरच्या सोळा चेहऱ्यांवर हळूहळू जो भाव उमटत गेला तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता: ते ऐकत होते. दुसऱ्या पानावर मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. दीपस्तंभापाशी लेखापालाला खोकला झाला. पुराच्या मध्यावर एका पोराने समोशांच्या पुड्याची गाठ सोडली. मी अर्ध्या तासाचे भाषण अकरा मिनिटांत आटोपले, आणि उजवा हात खाली आणला तेव्हा, टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळल्यामुळे, कोणीच वाजवल्या नाहीत. अकरा वर्षांत या कचेरीने माझे एकही वाक्य ऐकले नव्हते. टाळ्या होत्या त्या हात खाली आल्याच्या.

मग मामांना बोलण्याचा आग्रह झाला. ते उठले आणि त्यांनी प्रथम सांगितले की त्यांना फारसे ऐकू येत नाही. सोळाव्या वर्षापासून सरकारी नोकरी लागेपर्यंत ते लूमवर होते, कांड्या भरण्यापासून सुरुवात करून पुढे चार माग सांभाळीत. एकदा धोटा उडून कपाळावर बसला, आणि कान तर त्याच्याही आधीच गेले. पण खाली काम करताना सगळे ओठांवरूनच बोलतात, ती सवय राहिली. (लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या बायकांची हीच रीत होती, हे मी पुढे वाचले, भिवंडीत मात्र ते वाचण्याची वेळ कोणावर येऊ नये, कारण ते जिन्याखालीच दिसते.)

‘भाऊसाहेबांची सगळी भाषणं मला पाठ आहेत,’ मामा म्हणाले. ‘आवाजाचं माहीत नाही, पण ओठ साफ चालतात त्यांचे. फक्त एक काळजी वाटते. मोठे साहेब गेले तेव्हा त्या नदीचं पाणी गुडघ्याला होतं. बारनिशीच्या बाई गेल्या तेव्हा कमरेला आलं. आज छातीला लागलं. पुढच्या वेळेला कोणीतरी भाऊसाहेबांना धरा.’

कचेरी हसली. मीही हसलो, न हसून करतो काय! ते हसणे ओसरेपर्यंत मामा थांबले, त्यांना ते दिसत होते. मग म्हणाले, ‘बाईंना दीपस्तंभ म्हणाले तेव्हा वाटलं, आपल्याला असं कोण म्हणणार. आज म्हणाले. लई बरं वाटलं.’ आणि बसले.

जे शब्द मी चौदा जणांना वाटून वापरून झिजवले होते त्यांची हा मनुष्य वाट पाहत होता, आणि मी त्याच्याविषयी ‘कारणे दाखवा’ लिहीत होतो. त्यानंतर मी समोसा हातात धरला, खाल्ला की नाही ते आठवत नाही. जिन्यात मी त्यांना गाठले, तोंड समोर करून, आवाज न चढवता विचारले, ‘मामा, तुमचा खरा जन्म केव्हाचा?’ ते म्हणाले, ‘आई सांगायची, आवण्या चालू होत्या. अर्धं शेत झालं होतं, अर्धं राहिलं होतं. राहिलेलं तिनं पाचव्या दिवशी लावलं.’ म्हणजे जुलैचा महिना. केव्हाच्या तरी जुलैचा. वर्ष गुरुजींनाच ठाऊक.

तेव्हापासून जुलैत भाताच्या लावण्या सुरू झाल्या की मी वाड्याच्या वाटेने मामांकडे पावशेर पेढे घेऊन जातो. त्यांच्या अंगणात सूत उडत नाही.

माझी निवृत्ती 30 नोव्हेंबर 2026 ची आहे. त्या दिवशी सोमवार आहे हे मी दिनदर्शिकेत पाहून ठेवले आहे. माग चालू असतील, टाळ्यांची चिंता नाही. मामांना निमंत्रण गेले आहे आणि त्यांची खुर्ची माझ्या तोंडासमोर मांडावी अशी लेखी सूचना मी केली आहे, कारण या खेपेस भाषणात एक दुरुस्ती करावयाची आहे: पाणी घोट्याइतकेच होते.