गरिबी, तीन प्रतींत

बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं पहिला. पुढची फी कोण भरणार, हे मात्र निकालपत्रात छापत नाहीत. केंद्राची ‘इन्स्पायर’ ही विज्ञान शिष्यवृत्ती वर्षाला 80,000 रुपये देते, पण मुख्यतः बोर्डातल्या वरच्या एक टक्क्याला. उरलेल्यांसाठी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात प्रस्ताव-समिती बसली. बीएस्सीच्या गरजू मुलांना पैसे द्यायचे, हा विषय चहा येईपर्यंत आटोपला. मग देणगीदार कंपनीचा लोगो केवढा आणि धनादेशाच्या फोटोत मुलगी डावीकडे की उजवीकडे, यात दुपार गेली. ती मुलगी तेव्हा केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बुडवून सेतू कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत होती. हजेरी 75 टक्के हवीच, ही अट समितीने एकमताने घातली.