लो बॉनेटवाले आप्पा

कर्जतचा पूल ओलांडून दहिवलीच्या अंगाला जा, नाहीतर कडाव-कशेळे रस्त्याला लागा. कुठल्या ना कुठल्या फाटकाआड एक जुनी जीप उभी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. पाय आप्पांचे. चेहरा बघायचा तर चहा येईपर्यंत थांबावं लागतं.

'आप्पा' हे मी ठेवलेलं नाव. खरी नावं वेगवेगळी. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी खोपोलीच्या कारखान्यातून, कुणी डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊन इकडच्या चार गुंठ्यांत येऊन राहिलेले. पण ओळखायला वेळ लागत नाही. नखांतलं काळं गणपतीच्या पूजेलाही निघत नाही, खिशाला पेनाऐवजी टेस्टर असतो, आणि लग्नाच्या मांडवाबाहेर नवरदेवाची सजवलेली गाडी दिसली की आप्पा आधी वाकतात. फुलं बघायला नव्हे. खाली काही टपकतंय का, ते बघायला.

जीप आली कुठून, याची कथा प्रत्येक आप्पांकडे असते आणि ती दरवेळी थोडी जुनी होत जाते. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा गाडी मंडी डबवालीहून ट्रकवर लादून आणलेली असते. वर्षभराने ती मिलिटरीच्या लिलावातली होते. आणखी दोन-चार पाहुणे जेवून गेले की तिने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढाई केलेली असते. खरं काय ते चेसिस नंबरला ठाऊक, आणि तो गंजाखाली.

कथा संपली की तुमची परीक्षा. "लो बॉनेट की हाय बॉनेट, सांगा बघू."

उत्तर येत असलं तरी देऊ नये, कारण ते आप्पांनाच द्यायचं असतं. युद्धातली विलीज म्हणजे लो बॉनेट. तिच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे इंजिन बुटकं, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर. पुढे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, इंजिन उंच झालं, आणि ते मावावं म्हणून १९५३ सालच्या सीजे-३बीचं बॉनेट उचलावं लागलं. ती हाय बॉनेट. महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली ती हीच. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाने निघालेली कंपनी १९४८ साली 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि जीप जोडायचं काम मुंबईत माझगावला चालायचं, हे आप्पांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ असतं. दारातली गाडी बहुधा हाय बॉनेट असते. मन मात्र लो बॉनेटवर.

आता बसा गाडीत. कर्जत-चौक रस्ता सरळ असला तरी आप्पांचे हात थांबत नाहीत. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, पुन्हा डावीकडे. स्टेअरिंग पाव फेरा फिरलं तरी चाकाला त्याची खबर नसते. मागच्या सीटवरून काकू विचारतात, "अहो, हे असंच असतं का?"

"जीप आहे ती," आप्पा सांगतात. त्यांचं हे सर्व प्रश्नांचं उत्तर आहे.

वास्तविक कारण साधं आहे. या गाड्यांचा स्टेअरिंग बॉक्स रॉस पद्धतीचा: आत खाचा पाडलेला कॅम आणि त्या खाचेत सरकणाऱ्या खुंट्या. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून झीज होते ती मधल्या जागी. स्क्रू आवळून मधला प्ले काढायला जावं तर वळणावर बॉक्स अडकतो. बॉक्सच्या पुढे बेलक्रँक, म्हणजे पुढच्या क्रॉस मेंबरवर एका पिनेवर फिरणारा लोखंडी हात. त्याचा बुश खातो. मग टाय रॉडचे एंड, मग किंगपिनची बेअरिंगं. प्रत्येक ठिकाणी केसभर ढिलाई, सगळी मिळून पाव फेरा.

मिस्त्री हे जाणतो. "आप्पा, बेलक्रँकचं किट टाकू, एंड बदलू, निम्मा प्ले आजच जाईल." काम दिवसाभराचं, खर्च बेताचा. म्हणूनच ते आप्पांच्या मनात भरत नाही.

त्याऐवजी ते टायर बदलतात. मुंबईहून शनिवार-रविवारी येणाऱ्या शेजाऱ्याने नव्या थारला रुंद, गुटगुटीत मड टायर घातलेले असतात; ते आप्पांनी कुंपणावरून पाहिलेले असतात. मूळ जीपचं टायर अरुंद, ६.००-१६ मापाचं. त्या मापासाठी बेतलेल्या स्टेअरिंगवर आप्पा ३१ इंची टायर चढवतात. गाडी दिसते झकास. फोटो घराण्याच्या ग्रुपवर जातो. दुसऱ्या दिवशी उभ्या गाडीचं स्टेअरिंग वळत नाही, आणि चाळीसच्या स्पीडला खड्डा आला की पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात. ती थरथर एकदा सुरू झाली की गाडी जवळजवळ थांबेपर्यंत जात नाही. काकूंनी तेव्हापासून कर्जत स्टेशनला जायला रिक्षा लावलेली आहे.

स्टेअरिंगचं दुखणं हे असं चालता चालता दिसतं. तेलाचं दुखणं गाडी उभी असताना दिसतं, आणि आप्पांची गाडी बहुतेक वेळ उभीच असल्यामुळे त्याचा अभ्यास जास्त झालेला आहे. रोज रात्री जीपखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो बाहेर ओढायचा, हा नेम. त्यावरचे डाग आप्पा जोतिष्याने कुंडली बघावी तसे बघतात. काळा पातळ डाग इंजिन ऑइलचा: चेंबरचं पॅकिंग, टॅपिट कव्हर किंवा क्रँकचा मागचा सील. घट्ट, उग्र वासाचा डाग नव्वद नंबरच्या ऑइलचा. हा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शियलचा. चाकाच्या आतल्या बाजूने उतरलेली पातळ ओल ब्रेक ऑइलची, आणि ती दिसली तर मात्र आप्पाही त्या दिवशी गाडी काढत नाहीत. एवढी अक्कल जीपवाल्याला असते.

पुठ्ठ्यावर डाग कुठे आहे हेही बघायचं. मधोमध, जरा मागे असेल तर ट्रान्सफर केसचा मागचा सील. त्याची एक गंमत आहे. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांत नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी त्याचा ड्रम असतो. सील गेला की ऑइल थेट लायनरवर. म्हणजे गळतंय ऑइल आणि धरत नाही ब्रेक. यावर आप्पांचा उपाय पॅसेंजर सीटच्या पायाशी असतो: चांगला घडीव, तिकोनी, काळा दगड. नेरळच्या चढाला गाडी लावली की काकूंनी आधी उतरून तो चाकामागे ठेवायचा. आता काकू गाडीत नसतात, म्हणून नातवाला शिकवलंय.

सील बदलले नाहीत असं नाही. बदलले. पुन्हा गळले. पुन्हा बदलले, या वेळी कुर्ल्याहून 'ओरिजिनल' आणून. अॅनाबाँड सीलंटच्या ट्यूब संपवल्या. शेवटी मिस्त्रीने एके दिवशी डिफरन्शियलच्या हाऊसिंगवरची अंगठ्याएवढी टोपी तारेने टोकरली आणि आतून भाताच्या खाचरातली वाळलेली माती काढली. हा ब्रीदर. गाडी चालली की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते, तिने या टोपीतून बाहेर पडायचं असतं. टोपी बुजली की हवा सीलच्या ओठातून वाट काढते आणि ऑइल बरोबर घेऊन जाते. इंजिनाचंही तेच: क्रँककेसची हवा बाहेर नेणारा व्हॉल्व्ह चिकटला की मागच्या सीलकडून ऑइल यायला लागतं, मग सील कितीही नवा असो. जुन्या जीपच्या निम्म्या गळत्या श्वास कोंडल्याच्या असतात, असं माझं मत आहे. आप्पांनी मिस्त्रीचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढ्यासाठी?" त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. फुकटात सुटलेलं कोडं त्यांना सुटलेलं वाटत नाही.

पावसाळ्यात आणखी एक हिशेब उघडतो. ज्या वाटेने ऑइल बाहेर येतं त्याच वाटेने पाणी आत जातं. जुलैत कोंदिवड्याच्या बाजूला शेजाऱ्याची थार शेतात रुतते, फोन येतो, आणि आप्पांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस उगवतो. लो गिअर टाकून, दोर बांधून, चिखल उडवत ते तिला खेचून काढतात. (एकदा दोघांनाही ट्रॅक्टरने काढलं, पण ती हकीकत ट्रॅक्टरवाला सांगतो.) दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलमधलं ऑइल दुधाळ निघतं. ते ताबडतोब काढून नवं भरायचं असतं, नाहीतर बेअरिंग गंजतात. आप्पा ते इमानाने करतात. जीपखाली पडून राहायला कारण मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता येत नाही.

आणि मग एका दिवाळीत पॉवर स्टेअरिंगचं ठरतं. हात दुखतात, असं काकूंना सांगितलं जातं. बोलेरोचा बॉक्स आणि पंप येतो. जुना रॉस बॉक्स आणि त्याचा दांडा एकाच तुकड्याचा असतो, म्हणून तो अख्खा बाहेर. नव्याला दांडा कापून, मध्ये क्रॉस घालून जोडावा लागतो. बॉक्स बसायला चेसिसवर प्लेट. मिस्त्री ती नुसती वेल्ड करून मोकळा होणार होता. इथे आप्पा अडले, आतून-बाहेरून जाड पट्टी लावल्याशिवाय हलले नाहीत, आणि बरोबर होते. पॉवर स्टेअरिंगचा जोर सगळा त्या कोपऱ्यावर येतो, नुसत्या वेल्डिंगवर चेसिस तडकते. पंपाला इंजिनावर जागाच नव्हती. लेथवाल्याकडून ब्रॅकेट झालं, बेल्ट तिरका बसला, ब्रॅकेट पुन्हा झालं. एवढ्यात होळी आली.

पण झालं. एका बोटाने स्टेअरिंग फिरू लागलं. कर्जतच्या चारफाट्याला आप्पांनी गाडी इतकी डौलात वळवली की हवालदारानेही पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठा ओढला, तर नेहमीच्या काळ्या डागांशेजारी एक नवा थेंब. लालसर, पातळ. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल. या गाडीला आजवर ते गळता येत नव्हतं, कारण तिच्यात ते नव्हतंच. आप्पांनी तो थेंब बोटावर घेतला, वास घेतला आणि मला फोन केला. आवाजात तक्रार कुठेही नव्हती.

कायद्याचं अजून राहिलंय. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी विंटेज नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट एवढीच की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको. आप्पांच्या चेसिसवर आता दोन्ही बाजूंनी जाड पट्टी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर मूळ नोंदणीतल्या तपशिलाबाहेर गाडी बदलायलाच हरकत घेतं. आरटीओचा विषय काढला की आप्पा चहाचं विचारतात. विंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, हेही नियमात आहे. फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांसाठी चालते. हे मी वाचून दाखवलं तेव्हा आप्पा उजळले. "दुरुस्तीसाठी चालते ना? मग वर्षभर मोकळीक आहे."

तेव्हा कर्जतला आलात आणि चारफाट्यावर अशी जीप दिसली, तर खिडकीतून हात काढून "काका, ऑइल गळतंय" असं ओरडू नका. त्यांना माहीत आहे. कुठलं ऑइल, हेही माहीत आहे. तुम्ही दुचाकीवर असाल आणि जूनचा पहिला पाऊस नुकता पडलेला असेल, तर मात्र तिच्या मागे लागून चालवू नका. ओल्या रस्त्यावर ऑइलचा थेंब पसरला की टायर धरत नाही. जरा अंतर ठेवा, किंवा आप्पांना पुढे जाऊ द्या. ते लांब जात नाहीत.