सामायिक क्षेत्र

लग्न ठरताना पोरीला निदान एकदा विचारतात, ‘पसंत आहे ना?’ उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी. सासूच्या बाबतीत तेवढंही विचारलं जात नाही. आणि तरी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, कळंबपासून पांढरकवड्यापर्यंत, कित्येक घरांत शेवटी उरते ती हीच जोडी. मधला माणूस गेला. कसा गेला हे या जिल्ह्यात कोणी विचारत नाही. राहिल्या सासू आणि सून, चार एकर कपाशी आणि सोसायटीचं कर्ज.

एकमेकांवर प्रेम नसलेली दोन माणसं एका घरात कायदेशीर भागीदार होऊ शकतात का, यावर जगभर मोठी चर्चा चालते. आमच्याकडे ती तलाठी कार्यालयात केव्हाच मिटली आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची आई, बायको आणि मुलं सारख्या हिश्शाचे वारस. तलाठी वारस नोंद धरतो. (2024 पासून त्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणायचं आहे, पण एवढं म्हणेपर्यंत तो जेवायला निघून जातो.) नोटीस निघते, मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो आणि सातबाऱ्यावर दोघींची नावं एकाखाली एक येतात. ना अक्षता, ना बँडबाजा. जमीन अजून सासऱ्याच्याच नावावर असेल तर गोष्ट लांबते, पण जाते त्याच वळणावर. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली सगळ्यात मोठी बाई, हे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं ठरवलेलं. म्हणजे तिथं बुढीचं राज्य. बुढीला श्रावण बाळ योजनेचे पैसे, सुनेला संजय गांधी निराधारचे. मुलगा गेलेल्या आईला श्रावण बाळाच्या नावानं पैसे देण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याच्या मनात काही वाईट नसणारच.

माझ्या ओळखीतल्या अशाच एका घरात पेरणीच्या तोंडावर पीककर्जाचा कागद आला होता. दोघींची संमती लागते. सून सही करून मोकळी झाली. बुढी खाटेवर बसून मला म्हणाली, “तिले म्हना, धुऱ्याकडून तूर टाकशीन तं आंगठा देतो.” सून तीन हातांवर चुलीपाशी. ती माझ्याकडेच बघून म्हणाली, “बुढीले सांगा, तुरीचं बियानं कालच आनून ठेवलं.” “मंग मले काहून नाई सांगतलं?” “सांगतलं, तं म्हने गड्यानं पेरलेलंच उगवते.” मी मध्ये नुसता बसून होतो, तारायंत्रासारखा. मग सुनेनं कोरा चहा बशीत ओतला, फुंकून निववला आणि बशी बुढीच्या हातात दिली. बुढीनं तो पिऊन अंगठा शाईत बुडवला. दोघी एकमेकींशी शब्द बोलल्या नाहीत. यांच्यात जिव्हाळा आहे की नाही, हे कायद्यानं कधी विचारलं नाही. त्याचं शहाणपण म्हणायचं.

हेच शहाणपण आमच्या गल्लीतल्या दोन बाईंच्या वाट्याला मात्र येत नाही. दोघी निवृत्त शिक्षिका. मोठ्या बाई अविवाहित, धाकट्या बाई लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. एका शाळेत नोकरी, मग एका घरात बिऱ्हाड; घर मोठ्या बाईंच्या नावावर. गल्लीनं सुरुवातीला थोडं कुजबुजून पाहिलं, पण दोघी रोज संध्याकाळी इतक्या जोरजोरात भांडत, की कुजबुज ऐकूच येईना. या दोघींत रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नाही आणि मधे कोणी मेलेला पुरुषही नाही. तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं त्या एका छपराखाली उभ्या असलेल्या दोन पांथस्थ.

बँक तेवढी उदार. संयुक्त खातं काढा, दोघींपैकी कोणीही किंवा हयात असेल ती पैसे काढेल. बँक नातं विचारत नाही. पण घर बक्षीसपत्रानं मुलाला किंवा नातवाला द्यायचं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, आणि मैत्रिणीला द्यायचं तर खरेदीखताच्या हिशेबानं. काहीच न करता मोठ्या बाई गेल्या तर घर भावाकडे, पुतण्याकडे. धाकट्या गेल्या तर त्यांनी स्वतः कमावलेली शिल्लक, कधीच वारलेल्या नवऱ्याच्या वारसांकडे. ते लोक त्यांना शेवटचे भेटले ते तेरवीला. याहून गंमत अशी, की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून साध्या कागदावर मैत्रिणीचं नाव लिहून देता येतं. मन आजारी पडलं तर मैत्रीण चालते. छातीत कळ आली, तर दवाखान्यातला माणूस फॉर्म पुढे करून विचारतो, ‘घरचं कोणी नाही का?’

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, एका नर्सच्या बाळंतपणाच्या रजेच्या प्रकरणात, लग्नाशिवायची घरगुती सोबत हेही कुटुंबाचं एक रूप असू शकतं असं म्हटलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं समलिंगी जोडीदारांना एकाच रेशन कार्डावर घ्यावं असं राज्यांना कळवलं. चांगलंच झालं. पण आमच्या बाईंनी आता कार्डासाठी या वयात प्रेमात पडायचं की काय?

साहेबाच्या देशात तरी कुठं वेगळं आहे. जॉयस आणि सिबिल बर्डन या बहिणी जन्मभर एकत्र राहिल्या. एक गेली की दुसरीला वारसा करापायी घर विकावं लागेल, म्हणून त्यांनी जोडप्यांना मिळते तशी सूट मागितली. 2008 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानं 15 विरुद्ध 2 मतांनी ती नाकारली. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतानं मात्र 2002 मध्येच कायदा केला: दोन माणसं एकमेकांची काळजी घेतात, एक चूल चालवतात, एवढं पुरे, लेखी करार करा. बिछान्याची चौकशी नाही. आपल्याकडे ‘मैत्री करार’ ही चीज गुजरातेत निघाली होती, पण ती लग्न झालेल्या पुरुषांनी दुसरं बिऱ्हाड थाटायला वापरली आणि चांगल्या शब्दाची माती केली. एरवी करार आम्हाला नवा नाही. पाडव्याला सालदार ठेवताना वर्षाची रक्कम, धान्य, कपडे, सगळं तोंडी ठरतं आणि पुढचा पाडवा येईपर्यंत पाळलंही जातं.

शेवटी दोन्ही बाईंनी मृत्युपत्र करायचं ठरवलं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. एक मी, दुसरा कोपऱ्यावरचा पानठेलेवाला. घराचा विषय पाच मिनिटांत आटोपला: धाकट्या बाई हयात असेपर्यंत तिथं राहतील, मग पुतण्या. शिल्लक एकमेकींना. वकील पेनाला टोपण लावणार एवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या, “आणि कूलर?” कूलर निम्म्या-निम्म्या पैशांनी घेतलेला. यवतमाळच्या मे महिन्यात घरापेक्षा कूलर महत्त्वाचा, हे वकिलालाही पटलं. “सामायिक लिहू?” “सामायिक कसा? पाणी मी भरते.” “तुम्ही फक्त नळ सोडता. खसच्या ताट्या कोण बदलतं?” वकिलानं घड्याळ पाहिलं. पानठेलेवाला ‘गिऱ्हाईक आलं’ म्हणून उठला. मसुदा अजून वकिलाकडेच आहे, आणि दोघींनी निरोप पाठवलाय की पाऊस पडला म्हणजे बघू.