दोन टक्क्यांचे पुण्य

पूर्वी दानधर्म करणाऱ्यास आपल्या पुण्याचे माप चित्रगुप्ताच्या दप्तरावर सोपवून स्वस्थ बसावे लागे. २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ ने ही अनिश्चितता दूर करून, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिची सदसद्विवेकबुद्धी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्क्यांवर मुक्रर केली. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांविषयी हे कलम कुलीन मौन पाळते.

ज्या चंद्रपुराला २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषणाबद्दल १०० पैकी ८३.८८ गुण देऊन देशात चौथा क्रमांक बहाल केला (आमच्या चिरंजीवांना इतके गुण मिळते तर आम्ही पेढे वाटले असते), तेथे कोळशाची धूळ बारमाही व विनामूल्य घरपोच होत असताना, शाळेच्या भिंतीवर रंगवलेले देणगीदार कंपनीचे नाव वाचून कृतज्ञतेने कंठ दाटावा, निदान खोकला तरी यावा, हे स्वाभाविकच होय.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला दोन टक्क्यांचे हे शास्त्र अवगत नसावे. भागधारक सगळेच आणि निर्णय सर्वसहमतीने, अशी तेथील ग्रामसभेची रीत. तिला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी स्वतःचाच बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्यांचे पुस्तक एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश जातीने गावात आले तेव्हा कुठे हाती पडले. बल्लारपूरच्या कागद कारखान्यापर्यंत याच मुलुखाचा बांबू पोचविण्यास मंत्र्यांना एवढी पायपीट पडल्याचे ऐकिवात नाही. ते पुस्तक कोठल्या बांबूच्या कागदावर छापले होते, याची चौकशी तेवढी राहूनच गेली.