मंडळावरचे सर

प्रत्येक तालुक्यात एक तरी मंडळावरचे सर असतात. गणेश मंडळ नव्हे, भजनी मंडळ नव्हे. विद्यापीठाचं अभ्यास मंडळ, इंग्रजीत बोर्ड ऑफ स्टडीज. सेलू तालुक्याच्या वाट्याला आलेले मंडळावरचे सर आमच्या वालुरात राहतात. ते रोज मोटारसायकलवर महाविद्यालयात जातात, तिथं इतिहास शिकवतात आणि वर्षातून तीन-चारदा बैठकीला जाऊन तो बदलून येतात.

त्यांच्या या अधिकाराचा गावाला अजून नीट उलगडा झालेला नाही. घरावरच्या पाटीवर नावाखाली एम. ए., बी. एड. आणि त्याच्याखाली 'सदस्य, बी. ओ. एस.' असं रंगवलेलं आहे. त्यामुळं बी. ओ. एस. ही बी. एड.च्या पुढची काहीतरी पदवी असावी, असा पारावरचा समज. एका तात्यांनी तर सरांना गाठून विचारलं, "नातवाचं बीएड झालं की बीओएसला घालावं म्हणतो. किती घेतेत?"

"तिथं घालता येत नाही तात्या. नेमणूक होते किंवा निवडून यावं लागतं."

"म्हंजे लईच घेत असतील," तात्या म्हणाले आणि विषय संपला.

सरांचं स्वतःचं शिक्षण औरंगाबादच्या विद्यापीठात झालं. 1958 साली स्थापन झालेलं ते विद्यापीठ तेव्हा अख्ख्या मराठवाड्याचं होतं. सरांना नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते, तोच 17 सप्टेंबर 1994 ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि परभणी जिल्हा तिकडं गेला. विद्यापीठ बदललं म्हणजे अभ्यासक्रमही बदलणार, या धास्तीनं तरुण सरांनी एक जाडजूड वही आणली आणि सगळ्या नोट्स नव्यानं उतरवून काढल्या. ती वही अजून चालू आहे.

वहीचं नाव 'आधुनिक भारत, 1757 ते 1947'. वार्षिक पद्धत होती तोवर ती पावसाळ्यात उघडायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मिटायची. पुढं सत्र पद्धत आली. मंडळात सखोल चर्चा झाली आणि भारत 1857 ला मधोमध कापायचं ठरलं. सरांनी वहीत त्या पानावर एसटीचं एक तिकीट खूण म्हणून घातलं. मग 'चॉइस बेस्ड क्रेडिट सिस्टम' आली. तिकिटं वाढली. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलंय. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशा इतक्या बास्केट झाल्यात की वही तिकिटांनी फुगून मिटेनाशी झालीय. मजकुरातलं मात्र अक्षर हललेलं नाही. "इंग्रज प्लासीला येणार आणि 1947 ला जाणार. त्यात मंडळ काय करील?" हा सरांचा सिद्धांत.

म्हणून ते बदलाच्या विरोधात आहेत असं कुणी समजू नये. विरोध करणारा माणूस मंडळावर टिकत नाही. गेल्या तीन पद्धतींतला कुठलाही मोठा ठराव काढून बघा, सूचक नाही तर अनुमोदक म्हणून सरांचं नाव सापडेलच. नवं काही आलं की ते सगळ्यांत आधी टाळ्या वाजवतात आणि सगळ्यांत आधी जुन्या पेपरला नवं शीर्षक सुचवतात. 'मराठ्यांचा इतिहास' हा पेपर त्यांच्या डोळ्यांदेखत 'मराठाकालीन प्रशासन', 'मराठाकालीन व्यवस्थापन' असा होत होत 'नेतृत्व कौशल्ये: मराठाकालीन दृष्टिकोन' इथवर आलाय. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटतात ते प्रकरण आता 'संकटकालीन निर्णयप्रक्रिया' या घटकात येतं. पेटारे तेच आहेत.

सरांच्या पाकिटात एक चिटोरं असतं. त्यावर क्रियापदं लिहिलेली आहेत. अमेरिकेतल्या ब्लूम नावाच्या एका शिक्षणतज्ज्ञानं 1956 साली शिकण्याच्या पायऱ्या लावून दिल्या, त्या आता सेलू तालुक्यापर्यंत पोचल्यात. अभ्यासक्रमाच्या माथ्यावर 'कोर्स आउटकम' लिहावं लागतं आणि त्यात 'विद्यार्थ्याला समजेल' असं लिहिलेलं चालत नाही. समजलं हे मोजणार कसं? म्हणून 'विश्लेषण करील', 'मूल्यमापन करील', 'निर्मिती करील'. सरांनी परवा पानिपतच्या खाली 'विद्यार्थी पानिपतच्या लढाईची निर्मिती करील' असं लिहून टाकलं होतं. ते विद्याशाखेपर्यंत जाऊन मंजूरही होण्याच्या बेतात होतं. एका टंकलेखकाच्या लक्षात आलं म्हणून महाराष्ट्र वाचला.

ज्यांना मंजुरीच्या या वाटेची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वालूरला एक जुनी गोल बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत, भिंतीला धरून चक्राकार फिरत खाली जातात. मधे ती गाळानं भरली होती, गावानं मोकळी केली. अभ्यासक्रमाची मंजुरीही तशीच फिरत जाते. आधी अभ्यास मंडळ मसुदा करतं, मग तो विद्याशाखेपुढं जातो, तिथं अधिष्ठाता बघतात, मग कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालची विद्या परिषद. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं हे टप्पे आखून दिलेत. फरक एवढाच की बारवेत तळाला पाणी लागतं, इथं परिपत्रक लागतं. नवं महाविद्यालय किंवा नवी शाखाच काढायची असेल तर बृहत आराखडा, शासनाची मान्यता अशी आणखी वेगळी वाट आहे. पण ती संस्थाचालकांची. तिथं सर चप्पल काढून बाहेर उभे राहतात.

मंडळातली खरी लढाई इतिहासावर होतच नाही. ती वर्कलोडवर होते. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा 16 तासांचा भार कागदावर भरलेला दिसावा लागतो. पेपर गेला की तास गेले, तास गेले की पद धोक्यात. त्यात सगळ्यात आधी बळी जातो तासिका तत्त्वावरचा, म्हणजे सीएचबीवाला. नेट झालेलं, पीएच. डी. झालेलं, डोक्यावरचे केस विरळ झालेलं पोरगं तासागणिक मानधनावर राबत असतं, आणि वर कुणीतरी चार क्रेडिटचे दोन केले की खाली त्याच्या घरातला किराणा निम्मा होतो. म्हणून बैठकीला जाताना अनुभवी सदस्य ग्रंथ नेत नाहीत, कॅल्क्युलेटर नेतात.

'पर्यटन' या विषयावरून झालेली लढाई सर फार रंगवून सांगतात. कौशल्याच्या बास्केटमध्ये पर्यटनाला जागा होती. भूगोलवाले म्हणाले, डोंगर आमचे, म्हणून पर्यटन आमचं. इतिहासवाले म्हणाले, डोंगरावरचा किल्ला आमचा. मराठीवाल्यांनी प्रवासवर्णनाचा हक्क सांगितला. वाणिज्यवाले शांत बसले होते, ते शेवटी म्हणाले की तिकीट कोण काढणार? ही गोष्ट कुठल्या विद्यापीठात घडली असं विचारलं की सर चहा सांगतात.

बारवेवरचा एक पेपरसुद्धा या वर्कलोडपोटीच जन्माला आला. एका क्रेडिटला व्याख्यानाचे 15 तास, पण प्रात्यक्षिक असेल तर 30, हे सरांना ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्यांना झोप लागली नाही. भौतिकशास्त्राला प्रात्यक्षिक असतं, इतिहासाला का नसावं? दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे 60 तास. 15 आठवड्यांनी भागले की आठवड्याला चार. आणि महाविद्यालयातल्या सीएचबीवाल्या पोराचे बरोब्बर चारच तास कमी पडत होते. सकाळी सर टेप घेऊन बारवेवर हजर. गुरं वळणाऱ्या पोराला टेपचं एक टोक धरायला लावून पायऱ्या मोजायला लागले.

"काय करायलाव सर? बारव इकायची हाय का?" पोरानं विचारलं.

"नाही रे. मंजूर करायचीय."

प्रस्ताव मात्र सुरेख झाला होता. 'वालूरची बारव: मोजणी, आराखडा, मौखिक परंपरा'. विद्यार्थ्यांनी टेपनं मोजायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं, नकाशा काढायचा. मला विचाराल तर सरांच्या आयुष्यातला तो एकमेव नवा अभ्यासक्रम, आणि तो चुकून चांगला झाला होता. मंडळात तो वाचून दाखवताच एक सदस्य म्हणाले, वालूरच का? आमचं चारठाणा काय वाईट आहे? मग चारठाणा आलं. दुसऱ्यांनी औंढ्याचं मंदिर घातलं. नांदेडकडचे सदस्य होट्टल घेतल्याशिवाय हलेनात, लातूरकरांनी खरोशाच्या लेण्या आणल्या. लेण्यांत बारव कुठली, असं कुणी विचारलं नाही. प्रत्येकाला आपापल्या गावी परत जायचं होतं. विद्याशाखेत सूचना आली की विषय फार स्थानिक होतोय, व्याप्ती वाढवा. व्याप्ती वाढली. विद्या परिषदेतून बाहेर आला तो पेपर 'भारतीय जलस्थापत्याची रूपरेषा' या नावानं, दोन क्रेडिट, निव्वळ व्याख्यानाचे 30 तास. वालूर त्यात 'इत्यादी' या शब्दात समाविष्ट आहे.

आता आमची पोरं बारवेपासून हाकेच्या अंतरावर बसून मोबाईलवर गुजरातेतल्या पाटणच्या राणी की वावेची पीडीएफ वाचतात. 2014 ला ती जागतिक वारसा यादीत गेली, हे त्यांना तोंडपाठ आहे. सरांना याचं वाईट वाटत असेल असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "पोराचे चार मागितले होते, दोन तास वाचले. निम्मं वाचलं म्हणजे ठराव जिंकला." बनी तो बनी, नहीं तो परभणी हे जिल्ह्याबद्दल बाहेरचे लोक हसून म्हणतात. सरांनी ते कामकाजाचं धोरण म्हणून स्वीकारलंय.

घरात त्यांचं काही चालत नाही. काकू त्यांच्या कुठल्याच ठरावाला अनुमोदन देत नाहीत, त्यामुळं त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

2024-25 ला नव्या धोरणाची पदवी आमच्याकडच्या महाविद्यालयांत सुरू झाली, तेव्हा सरांनी मारुतीच्या पारावर लोकांना ती समजावून सांगितली. तीन वर्षांची पदवी 120 ते 132 क्रेडिटची. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. आणि मधेच सोडावं लागलं तरी वर्षं वाया जात नाहीत. पहिल्या वर्षाची 40 ते 44 क्रेडिट झाली, वर चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स केला, की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांनी डिप्लोमा. याला मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट म्हणतात. लोकांनी माना डोलावल्या. कापसाच्या भावाशी याचा संबंध नाही म्हटल्यावर बरेच जण उठले. एक जण मात्र थांबला. त्याची पोरगी त्याच वर्षी बी. ए.च्या पहिल्या वर्गात बसली होती, सरांच्याच वर्गात. रोज एसटीनं सेलूला जायची, हातात कधी पुस्तक नाही असं तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"सर, म्हंजे पोरगी एका वर्सातच सर्टिफिकेट घिऊन भाईर पडू शकती?"

"हो. गरज पडली तर."

"मंग तर लई चांगलं झालं. एक स्थळ आलंय जिंतूरकडचं. मी म्हणायलो होतो, आरदं शिक्षण सोडलं तर लोक नावं ठिवतेन. आता सर्टिफिकेटच हातात म्हणल्यावर काहीच अडचण न्हाई."

सर काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. आयुष्यभरात ज्या माणसानं कुठल्याही मंजूर ठरावाविरुद्ध एक अक्षर उच्चारलं नव्हतं, तो माणूस म्हणाला,

"त्यात एक अडचण आहे. ते एक्झिटचं अजून मंजूर व्हायचंय."

"आत्ताच तर म्हणलाव तुम्ही..."

"मंडळानं केलंय. फॅकल्टीत अडकलंय. कौन्सिलपुढं गेल्याशिवाय काही खरं नसतं. इतक्यात सोडलीत तर धड सर्टिफिकेट नाही, धड पदवी नाही. थांबा जरा."

मी शेजारीच बसलो होतो. एक्झिटची तरतूद शासनानं कधीच लागू केलेली होती आणि तिचं परिपत्रक सरांच्याच पिशवीत, ज्वारीच्या बियाणाच्या पावतीखाली घडी करून ठेवलेलं होतं.

ते स्थळ दुसरीकडं गेलं. पोरीनं पुढं दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला. तिचा बाप अजून बसस्टँडवर सरांना गाठतो.

"सर, झालं का ते मंजूर?"

"इतिवृत्त कायम व्हायचंय."

"आन् त्यो दोन वर्सांचा डिप्लोमा?"

"तो तर अजून बीओएसलाच आहे," सर मोटारसायकलला किक मारत म्हणतात. "आणि खरं सांगू का, तिथला एक सदस्य फार त्रास देतोय."