मांजर आडवं जाईना

आमच्या घरी मांजराचं पिल्लू आलं ते लेकीच्या ओढणीत गुंडाळून. दोन महिन्यांचं, करड्या पट्ट्यांचं, वजन जेमतेम पाऊण किलो. आठवडाभरात लेक हॉस्टेलला निघून गेली. "मी हिचं काहीही करणार नाही," असं बायकोने जाहीर केलं. पिल्लाने लोखंडी कपाटाखाली जाऊन माझ्याबाबतीत साधारण तेच जाहीर केलं.

मांजर आडवं गेलं की काम अडतं म्हणतात. आमचं अडलं होतं ते मांजर आडवं जाईना म्हणून. कपाटाखाली दोन डोळे तेवढे चमकत. मी फरशीवर पालथा पडून "ये गं बाळा, ये" करत होतो, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती द्यायला आले. थोडा वेळ थांबून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कवळी आत गेली का?"

बशीभर दूध ठेवलं. ते रात्रीतून संपलं आणि सकाळी फरशीवर त्याचा निकाल लागला. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "दूध पिणारं मांजर म्हणीत ठेवा. आईचं दूध सुटलं की बऱ्याच मांजरांना गाईम्हशीचं पचत नाही. पिल्लांचं खाणं मिळतं ते द्या, अधूनमधून उकडलेली कोंबडी. कांदा-लसूण मात्र अजिबात नको, विषारी असतो." बायको म्हणाली, "कांदा-लसूण वर्ज्य आणि कोंबडी चालते! असला चातुर्मास मी पहिल्यांदाच बघतेय."

डॉक्टरांनी आणखी एक युक्ती सांगितली. टक लावून बघायचं नाही, मांजराला ती धमकी वाटते. डोळे बारीक करायचे, सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. मला थट्टाच वाटली, पण इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली हे प्रयोग करून दाखवलंय. मांजरं उलट तशीच पापणी मिटतात आणि अनोळखी माणसाच्याही जवळ येतात. एव्हाना आमची भवानी खिडकीत बसू लागली होती. मी समोर खुर्ची टाकून रोज सकाळी पंधरा मिनिटं पापण्या लववू लागलो. खिडकीपलीकडे समोरच्या वहिनी कपडे वाळत घालतात, हे ससेक्सवाल्यांनी कुठे लक्षात घेतलं होतं? तिसऱ्या दिवशी त्यांचा बायकोला फोन आला. "भावोजींचा मोतीबिंदू पिकलाय का हो?"

बाराव्या दिवशी मी पेपर वाचत होतो. भवानी खिडकीतून उतरली, टीपॉयखालून आली आणि माझ्या मांडीवर चढली. दोन गिरक्या घेतल्या आणि पुढच्या पायांनी माझं पोट कणकेसारखं तिंबायला लागली. आईला पान्हा फुटावा म्हणून पिल्लं असं करतात. माझ्याकडून तशी काही आशा नव्हती, पण तिने नेटाने प्रयत्न केला. मग घुर्रघुर्र करत झोपली.

गॅसवर वरणाचा कुकर होता. तीन शिट्ट्यांवर बंद करायचा होता. मी नऊपर्यंत मोजल्या.

बायको मंडईतून आली ती दारातूनच ओरडली, "कान गेले का तुमचे?"

मी बोटाने मांडी दाखवली. तिने भाजीची पिशवी आवाज न करता खाली ठेवली, चवड्यांवर चालत जाऊन गॅस बंद केला आणि तशीच परत आली. बराच वेळ वाकून बघत राहिली.

"मांडी अवघडली असेल तुमची," ती कुजबुजली. "हळूच इकडे द्या तिला."

मी दिली नाही.